पुन्हा करून दाखवा

राजशेखर मुरदंडे सरांनी आयुष्यात एकाही अपडेटचं स्वागत केलं नव्हतं. इचलकरंजीच्या एका पॉलिटेक्निकमध्ये एकतीस वर्षं संगणक शिकवून ते निवृत्त झाले, तोवर त्यांच्या लाडक्या ‘अंगण’ने सतरा वेळा रूप पालटलं होतं, आणि सतराही वेळा सरांनी लांबलचक निषेधपत्र धाडलं होतं. खिडकी बंद करायचं बटण उजवीकडून डावीकडे गेलं तेव्हा ते दोन दिवस धड जेवले नाहीत. चिन्हांचे कोपरे गोल झाले तेव्हा त्यांनी वर्गात त्यावर तासभर तोफ डागली. मुलं मागच्या बाकांवर पेंगत होती, पण सरांच्या ते गावीही नव्हतं.

‘अंगण’ ही फुकट मिळणारी, सगळ्यांनी मिळून उभारलेली संगणकप्रणाली, लिनक्सच्या घराण्यातली. तिला मालक नाही. जगभरातले हजारभर लोक ती हौसेनं लिहितात, दुरुस्त करतात आणि तितक्याच हौसेनं एकमेकांशी भांडतात. इचलकरंजीत तिला सरांनी आणलं. शाळा, वाचनालयं, यंत्रमागवाल्यांची ऑफिसं अशी चारशेच्या आसपास यंत्रं त्यांनी आणि त्यांच्या मुक्त संगणक मंडळानं ‘अंगण’वर आणली होती. ती बसवताना पहिल्याच पानावर एक प्रश्न यायचा: तुम्ही काय काय वापरता याची मोजणी आम्हांला पाठवावी का? सर शेजारी उभे राहून ‘नाही’वर टिचकी मारायला लावत. “आपण आपल्या घरात काय करतो हे मोजायचा अधिकार कुणालाच नाही,” असं ते म्हणत, आणि कुणी चुकून ‘हो’ केलं असेल तर त्याच्या घरी जाऊन ते बंद करून येत. चारशेतलं एकही यंत्र मोजणी पाठवत नव्हतं. सरांना याचा भारी अभिमान होता.

त्या चारशेतलं एक यंत्र त्यांच्या बायकोचं होतं.

शैलजा साड्यांच्या काठांची डिझाइनं काढायची. पडद्यावर बारीक चौकटींचा कागद उघडायचा, एकेक चौकट रंगवत कोयरी, मोर, रुईफूल उभं करायचं; ती फाइल मागाला गेली की काठ विणून बाहेर. पंचवीस वर्षं ती हे करत होती. पाच वर्षांपूर्वी तिला मेंदूज्वर झाला. ती वाचली, पण तापानं न्यायचं ते नेलंच.

काय नेलं ते नीट सांगायला हवं. मेंदूच्या आत, दोन्ही कानांच्या पातळीवर, समुद्रघोड्याच्या आकाराचे दोन छोटे भाग असतात. आज घडलेलं उद्यासाठी राखून ठेवणं हे त्यांचं काम. शैलजाचे ते दोन्ही भाग गेले. तापाच्या आधीचं सगळं तिच्यापाशी जागच्या जागी होतं. लग्नातला मांडव, सासूबाईंचा स्वभाव, सगळं. पण त्यानंतरचं काहीही दहा मिनिटांपलीकडे टिकत नव्हतं. जेवण झालं की जेवल्याचं आठवत नसे. एक गोष्ट मात्र तापाला सापडली नाही. सायकल चालवणं, कणीक मळणं, टाके घालणं, या हातांच्या आठवणी मेंदूत दुसरीकडे राहतात, तळाशी आणि मागच्या लहान मेंदूत. तिथे शब्द नसतात, तारखा नसतात, फक्त सराव असतो. अशा रुग्णांना आरशात बघून चांदणी गिरवायला दिली तर ते रोज सुधारत जातात. आणि रोज शपथेवर सांगतात की हे आपण आज पहिल्यांदाच करतोय.

त्यामुळे रोज सकाळी सव्वानऊला, आंघोळ उरकून, शैलजा खुर्चीत बसायची आणि तिचा हात आपणहून कामाला लागायचा. माउस वर डाव्या कोपऱ्यात, मेनू उघडला, तिसरी ओळ, त्यातली दुसरी, चौकटींचा कागद समोर. काल कुठपर्यंत आलं होतं ते तिला आठवत नसे, पण अर्धा झालेला मोर समोर असला की पुढची चौकट कोणती हे विचारावं लागत नसे. एक वाजेपर्यंत ती काम करी. त्या चार तासांत शैलजा पहिली शैलजा असायची. गुणगुणायची, सरांना चहा टाकायला सांगायची, तिचे काठ विणणाऱ्या मगदूमांच्या रंगांच्या आवडीवर तोंडसुख घ्यायची. एक वाजता खुर्चीतून उठली की पुन्हा धुकं.

सरांचं सगळं जगणं त्या चार तासांसाठी चाललं होतं.

आता ‘माळी’बद्दल. ‘अंगण’ लिहिणारी हौशी मंडळी म्हातारी होत चालली होती, आणि दुसरीकडे चोरांच्या हाती अशी यंत्रं आली होती की कुठल्याही प्रणालीतलं भगदाड ती काही तासांत हुडकून काढायची. जितका जास्त कोड, तितकी जास्त भगदाडं. म्हणून २०३९ साली मंडळींनी सगळी निगराणी ‘माळी’ नावाच्या एका प्रोग्रॅमवर सोपवली. माळी मोजणी बघायचा आणि जे फारसं कुणी वापरत नाही ते छाटून टाकायचा. त्यात आकस नव्हता. सहा महिन्यांनी नवी आवृत्ती यायची, आणि नेटला जोडलेल्या यंत्राला ती नाकारायची सोय नव्हती.

मार्चातल्या एका मंगळवारी अठरावं रूप आलं.

शैलजा बसली, बाण डाव्या कोपऱ्यात गेला, बटण दाबलं गेलं. काही उघडलं नाही. कोपरा कोराच होता. पडदाही कोरा, फिकट निळा, आणि तळाशी मधोमध एक बारीक पट्टी, तिच्यात तीन शब्द: बातम्या, हवामान, पत्र. मेनू जाऊन ही अंदाजपट्टी आली होती. माणसाला या वेळी काय लागेल ते यंत्रानंच ओळखायचं आणि पट्टीवर मांडायचं, अशी कल्पना होती.

“अहो,” शैलजानं हाक मारली. “माझा मेनू कुठं गेला?”

“अपडेट आलंय. काढून टाकलाय त्यांनी.”

“न विचारता? आता मी काठ कसा काढू? मगदूमांना उद्या द्यायचाय.” तिचा हात पुन्हा कोपऱ्यात गेला, पुन्हा दाबलं गेलं. पाच-सहा वेळा तेच. मग तिचे डोळे भरून आले. “माझ्याकडूनच काही चुकलं का हो?”

सरांनी स्वतः प्रोग्रॅम उघडून दिला, पण धागा तुटला होता. सुरुवात तिच्या हातानं झाली नाही की पुढचं हाताला सुचत नसे. ती दहा मिनिटं चौकटींकडे बघत बसली आणि उठली.

दुसऱ्या दिवशी सव्वानऊला ती बसली. “अहो, माझा मेनू कुठं गेला?” तिसऱ्या दिवशीही तेच, त्याच आवाजात, तितक्याच धक्क्यानं. आपण सगळे एखाद्या बदलावर आठवडाभर चरफडतो आणि मग आधी काही वेगळं होतं हेच विसरतो. शैलजाला ती सोय नव्हती. तिच्यासाठी मेनू रोज सकाळी नव्यानं जात होता. गंमत अशी की चौथ्या दिवसापासून अंदाजपट्टीनं अचूक ओळखलं होतं. तिच्या काठाच्या प्रोग्रॅमचं नाव पहिलंच, ठळक अक्षरांत यायला लागलं. पण शैलजा खाली बघतच नव्हती.

सरांनी सोहेल बागवानला फोन लावला. सोहेल त्यांचाच विद्यार्थी, गावातल्याच गांधी कॅम्पात वाढलेला, आता पुण्यात असायचा. माळीच्या वर जी चार माणसं नेमली होती, त्यांतला तो एक.

“सर, काकूंचं ऐकून फार वाईट वाटलं,” सोहेल म्हणाला. “पण मोजणीत त्या मेनूचे अख्ख्या जगात अकरा वापरकर्ते निघाले.”

“अकरा? माझ्या मंडळातच चारशे आहेत.”

“मोजणीत नाहीत, सर.”

सरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“जे तुमच्यासारखे जुने, ते सगळेच मोजणी बंद ठेवतात,” सोहेल म्हणाला. “माळीच्या लेखी ते नाहीतच. मलाही डिप्लोमाला असताना तुम्हीच बंद करायला लावली होतीत. तेव्हा मी तुमच्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या.”

“ते तत्त्व बरोबरच होतं.”

“असेल. मी चूक म्हणत नाही. पण आता काकूंचं बघू. दोन रस्ते आहेत. तुमच्याकडे जुनी आवृत्ती असेलच. ती एखाद्या यंत्रावर बसवा, नेट तोडून टाका. त्यांना काठच काढायचाय ना? फाइल तुम्ही पेनड्राइव्हनं न्या. नाहीतर त्यांचा हात धरून नवी पट्टी शिकवा. दीड महिना त्रास होईल, मग हाताला वळण लागेल.”

“आणि तुमची चूक तशीच राहू द्यायची?”

सोहेलनं सुस्कारा सोडला. “चूक आहे असं सिद्ध करायचं तर तक्रार नोंदवा. फॉर्म तुम्हांला पाठ आहे.”

फॉर्म सरांना खरंच पाठ होता. तीस वर्षं ते मुलांना तो भरायला शिकवत आले होते. पहिला प्रश्न: दोष ताज्या आवृत्तीवरच दिसतो का? दुसरा: काय केलं की दोष घडतो, पायरी पायरीनं लिहा. तिसरा: पुन्हा करून दाखवता येतो का? आणि चौथा: तोवर तुमचं काम चालावं अशी दुसरी काही सोय आहे का? चौथ्याला ‘आहे’ म्हटलं की तक्रारीचं वजन शून्य. माळीच्या राज्यात त्यात आणखी एक नियम आला होता. मोजणी चालू असलेल्या एका यंत्रावरून दिवसाला एक नोंद, व्हिडिओसकट. अशा दोनशे नोंदी झाल्या की प्रकरण माणसांसमोर येणार.

“जुनी आवृत्ती बसवा आणि चौथ्याला ‘नाही’ लिहा,” सोहेल हळूच म्हणाला. “मी काही विचारणार नाही.”

“मी फॉर्मवर खोटं लिहीत नाही, सोहेल,” सर म्हणाले.

मंडळाची तातडीची सभा बोलावली गेली. चाळीसएक लोक आले. सरांनी विनंती केली: तात्पुरती मोजणी चालू करा, रोज एक नोंद पाठवा, पाच दिवसांत दोनशे होतील. कुणी हललं नाही. शेवटी एक जण उठून म्हणाला, “सर, घरात डोकावू द्यायचं नाही, हे तुमच्याकडूनच शिकलोय आम्ही. आता तुम्हीच दार उघडा म्हणता होय?” सरांना राग यावा की अभिमान वाटावा ते कळेना. आणि खरी गोष्ट सभेत कुणी बोललंच नाही. दोन-तीन आठवड्यांत निम्म्याहून जास्त मंडळी त्या पट्टीला सरावून गेली होती. काहींना तर ती आवडायलाही लागली होती, फक्त सरांसमोर म्हणायची छाती नव्हती.

उरलं शैलजाचं एकच यंत्र, त्यावर सरांनी मोजणी चालू केली, आणि दिवसाला एकच नोंद.

सरांनी ठरवलं. जुन्या आवृत्तीची डिस्क कपाटात पडली होती, शेजारी जुनं यंत्रही होतं, तासाभराचं काम. पण ते केलं की चौथ्या प्रश्नाचं उत्तर बदलणार, तक्रार मरणार, आणि मेनू कायमचा जाणार. जुनं यंत्र आज ना उद्या बंद पडेलच, मग शैलजाचं काय, असं ते स्वतःला समजावत. ते अगदीच खोटं नव्हतं. पण यंत्र बंद पडलं असतं ते चार-पाच वर्षांनी, आणि शैलजा बसत होती ती उद्या सकाळी. एवढं साधं गणित त्या हुशार माणसाला सुचलं नाही, किंवा सुचूनही त्यांनी मांडलं नाही.

पहिल्या नोंदीच्या दिवशी ते फोन घेऊन तिच्या डाव्या हाताला उभे राहिले.

“हे कसलं शूटिंग?” तिनं विचारलं.

“तक्रारीला जोडायचंय. तू नेहमीसारखं कर.”

शैलजानं पदर नीट केला आणि हात माउसवर ठेवला. मेनू कुठं गेला, मगदूमांना उद्या द्यायचाय, माझ्याकडून काही चुकलं का, सगळं झालं. ती रडली तेव्हाही सरांनी फोन खाली केला नाही. नोंदीत दोष पूर्ण दिसायला हवा होता. मग ते म्हणाले, “झालं, ऊठ आता,” आणि तिला हाताला धरून उठवलं. फॉर्म भरला. पायरी एक: वापरकर्ती खुर्चीत बसते.

असा एप्रिल गेला, मे गेला. सरांना त्या कामात एक प्रकारचा हुरूप आला होता, तो कबूल करायलाच हवा. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच सकाळी उठायला स्वतःचं असं कारण होतं. देशोदेशींचे जुने वापरकर्ते त्यांच्या नोंदी बघायला लागले. कुणी ब्राझीलहून लिहिलं, कुणी पोलंडहून: तुमच्या पत्नीचे व्हिडिओ आम्ही रोज पाहतो, लढा सोडू नका. सर त्या पत्रांना सविस्तर उत्तरं देत. शैलजा तोवर आतल्या खोलीत खिडकीशी बसलेली असे. आता तिच्या दिवसात तिचे चार तास नव्हते. सगळाच दिवस धुकं.

मगदूम एकदा घरी आले. यंत्रमागांचे मालक, वीस वर्षं शैलजाचेच काठ विणत होते.

“सर, वैनींचं काठ बंदच पडलं की वो,” ते म्हणाले. “दुसऱ्याकडनं काढून घेतलं, पण तो हात न्हाई. जुनं यंत्र हाय म्हणं तुमच्याकडं. लावा की तेच.”

“तत्त्वाचा प्रश्न आहे, मगदूम.”

“तत्त्वाला काठ लागत न्हाई, साडीला लागतो,” मगदूम म्हणाले आणि चहा न घेताच गेले.

जूनमध्ये मिरजेला डॉक्टर नेर्लेकर बाईंकडे नेहमीची तपासणी होती. बाईंनी शैलजाला गेली पाच वर्षं बघितलं होतं. त्यांनी तिला बाहेर नर्सजवळ बसवलं आणि सरांना आत बोलावलं.

“घरी काय बदललंय?”

सरांनी सांगितलं. जरा अभिमानानंच सांगितलं. एक्काहत्तर नोंदी झाल्या होत्या.

बाईंनी हातातली फाइल मिटली. “सर, त्यांना आठवत नाही म्हणजे त्या शिकत नाहीत असं नाही. हे मी तुम्हांला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. त्यांचा हात शिकतो. काय शिकायचं ते हात ठरवत नाही. जे रोज घडतं ते तो उचलतो. जुनं यंत्र द्या, नाहीतर नवीन शिकवा. काहीही करा, पण रोज सकाळी हे जे चाललंय ते थांबवा. आजपासून.”

“अजून चारच महिने, बाई.”

“मी तुम्हांला नवरा म्हणून विचारत नाही, शिक्षक म्हणून विचारते. एखाद्या मुलाकडून तुम्ही चुकीचं गणित दोनशे वेळा करून घ्याल का?”

सर म्हणाले, “बघतो.” परतीच्या वाटेवर अंकलीच्या पुलावर शैलजानं विचारलं, “आपण कुठं गेलो होतो हो?” “मिरजेला,” ते म्हणाले. “कशाला?” “तुझ्याचसाठी,” ते म्हणाले, आणि ते म्हणताना त्यांना ते अगदी मनापासून खरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सव्वानऊला बहात्तरावी नोंद झाली.

दसरा झाला आणि चार दिवसांनी दोनशेवी नोंद गेली. सोहेल मागे हटला नाही. चार माणसांपुढे प्रकरण आलं, त्यानं सरांची बाजू तळमळीनं मांडली, म्हणे एक व्हिडिओ लावला तेव्हा तिघांना बघवेना. आठवड्याभरात निर्णय झाला: जुना मेनू परत. ज्याला हवा त्याच्या डाव्या कोपऱ्यात, होता तसा, आणि माळीनं त्याला पुन्हा कधी हात लावायचा नाही. ‘अंगण’च्या इतिहासात छाटलेलं काही परत आल्याचं हे पहिलंच उदाहरण होतं. एका माणसानं एका यंत्रावरून ते करून दाखवलं होतं.

ज्या सकाळी तो मेनू आला, त्या सकाळी सर आठलाच आंघोळ करून तयार होते. त्यांनी स्वतः तपासून बघितलं. कोपरा, टिचकी, मेनू, तिसरी ओळ, त्यातली दुसरी, चौकटींचा कागद. मार्चात अर्धा राहिलेला मोर तिथेच होता. सगळं बंद करून त्यांनी पडदा पुसला, खुर्चीची उशी नीट केली. त्यांच्या फोनवर अभिनंदनाचे निरोप येत होते, ब्राझीलहून, पोलंडहून, मंडळातल्या त्याच लोकांकडून. त्यांनी फोन दुसऱ्या खोलीत ठेवून दिला. आज काही टिपायचं नव्हतं.

सव्वानऊला शैलजा आली. बसली. पदर नीट केला. हात माउसवर गेला, बाण डाव्या कोपऱ्यात गेला, बटण दाबलं गेलं.

मेनू उघडला. पूर्ण, जसाच्या तसा.

शैलजाचा हात तोवर माउसवरून उचललाही गेला होता. तो मांडीवर येऊन पडला, दुसरा त्याच्यावर. तिनं मान डावीकडे वळवली, सर उभे होते तिकडे, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे नव्हे तर छातीच्या उंचीवर, जिथे रोज फोन असायचा तिथे बघितलं. तिचे डोळे भरून आले. चेहरा शांत होता, डोळे मात्र भरले.

“झालं का?” तिनं विचारलं.

“शैला,” सर म्हणाले, “अगं, मेनू आलाय. बघ तरी.”

तिनं पडद्याकडे बघितलं. “आहे की,” ती म्हणाली. “कुठं जाणार?”

“मग काढ ना काठ. मगदूमांना द्यायचाय.”

“काढते की,” ती म्हणाली. हात मांडीवरच राहिला.

सरांनी तिचा उजवा हात उचलून माउसवर ठेवला. तो तिथे पळभर राहिला आणि घसरून पुन्हा मांडीवर गेला. त्यांनी पुन्हा ठेवला. तिच्या हातावर आपला हात ठेवून त्यांनी तिसरी ओळ दाबली, दुसरी दाबली. मोर समोर आला. पंचवीस वर्षांत तिनं असे हजारभर मोर काढले असतील. ती त्याच्याकडे परक्याच्या घरातल्या भिंतीकडे बघावं तशी बघत राहिली. त्यांनी हात काढला तसा तिचाही हात निघाला.

त्यांनी संगणकावर आपल्या नोंदी उघडल्या. दोनशे व्हिडिओ, तारीखवार. पाठवण्यापलीकडे त्यांनी ते कधी बघितले नव्हते. पहिला नऊ मिनिटांचा होता; त्यात ती विचारत होती, शोधत होती, चिडत होती, सतरा वेळा कोपऱ्यात जाऊन दाबत होती. पन्नासावा चार मिनिटांचा. शंभराव्यात तिनं मेनू कुठं गेला असं विचारलंच नव्हतं. दोनशेवा एकोणीस सेकंदांचा होता. बसणं, एक टिचकी, हात मांडीवर, मान डावीकडे, डोळ्यांत पाणी. एकही हालचाल वावगी नव्हती. जितक्या सराईतपणे ती पूर्वी मेनू उघडायची तितक्याच सराईतपणे ती आता हे करत होती. त्यांनीच शिकवलं होतं, दोनशे सकाळी, एकही दिवस खाडा न करता.

पडद्यावर एक चौकट आली. तक्रार बंद करण्यापूर्वी तक्रारदारानं पडताळून सांगावं: दोष आता पुन्हा घडतो का?

सरांनी एकदा पुन्हा करून बघितलं. मेनू उघडत होता, ओळी जागेवर होत्या, कागद येत होता. फॉर्मवर खोटं लिहायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी ‘नाही’ लिहिलं आणि पाठवून दिलं.

शैलजा शेजारीच बसून होती, हातावर हात ठेवून. त्यांनी हाताला धरून उठवल्याशिवाय उठायचं नाही, एवढंही तिला आता येत होतं.

“झालं का?” तिनं पुन्हा विचारलं.

“झालं,” सर म्हणाले, आणि त्यांनी तिला हाताला धरून उठवलं.